‘पण हे करायचे कोणी?’ : एका कचरा उपविधीचा मसुदा सोपा करताना

पार्श्वभूमी

गोव्यातल्या गावांत एक गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कुणाला नवल वाटत नाही. ग्रामसभेत माणसे कोंकणीत बोलतात, सकाळी वर्तमानपत्र मराठी वाचतात आणि पंचायतीकडून हातात पडणारा कागद इंग्रजी असतो. आधीच्या पिढीच्या हाती तो पोर्तुगीज असायचा. १९६१ नंतर राज्य बदलले, पण कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था), आफोरामेंत (जमिनीचा कायम भाडेपट्टा), इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) हे शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत, कारण त्यांच्यामागचा कायदा त्याच काळातून आला. कायदा आपल्याला वाचता न येणाऱ्या भाषेतच असायचा, हे इथल्या माणसाने गृहीत धरले आहे. कागद आला की तो शिकलेल्या पुतण्याकडे जातो, नाहीतर ओळखीच्या वकिलाकडे.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल अशी तरतूद झाली. कायदे, नियम, उपविधी (पंचायतीसारख्या स्थानिक संस्थेने केलेले नियम) यांचा प्रमाण पाठ मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीच राहिला. त्यामुळे मराठी पाठ नेहमी मागून येतो. इंग्रजी मसुदा ठरतो, तपासला जातो, त्यावर सह्या होतात आणि मग कुणाला तरी आठवते, ‘अरे, मराठी करायचे राहिले.’

मी याच कामाची माणूस. बरीच वर्षे सरकारी मजकुराचे मराठी करते. पुढचे प्रकरण एका नमुना उपविधीचे आहे. खात्याचे, गावाचे आणि माणसांचे नाव मी दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घनकचरा व्यवस्थापनाचे केंद्रीय नियम एप्रिल २०१६ मध्ये आले. प्रत्येक स्थानिक संस्थेने वर्षाच्या आत आपले उपविधी करावेत, असे त्यांत होते. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीने वेगळा मसुदा लिहिण्यापेक्षा एक नमुना तयार करावा आणि पंचायतींनी तो आपापल्या गरजेप्रमाणे स्वीकारावा, असे एका खात्याने ठरवले. इंग्रजी मसुदा चौदा पानांचा होता. त्याचे मराठी दहा दिवसांत द्या, असा मला निरोप आला.

अडचण

पहिले भाषांतर मी नेमके दहा दिवसांत दिले. शब्दाला शब्द, कलमाला कलम. त्यातले एक कलम असे होते:

‘उक्त उपविधीच्या प्रारंभाच्या दिनांकापासून, अन्यथा विहित करण्यात आले असेल ते खेरीज करून, पंचायत क्षेत्रातील कोणत्याही जागेच्या भोगवटादाराद्वारे निर्माण होणारा घनकचरा उगमस्थानी विलग करण्यात येईल व यथोचित पात्रांमध्ये साठवण्यात येईल आणि पंचायतीने वेळोवेळी अधिसूचित केलेल्या रीतीने हस्तांतरित करण्यात येईल; परंतु असे हस्तांतरण करण्यात कसूर झाल्यास, यात यापुढे तरतूद केल्याप्रमाणे शुल्क वसूल करण्यात येईल.’

व्याकरणात चूक नाही, इंग्रजीतले काही गळलेले नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ‘अचूक’ असा शेरा मारून ते परत पाठवले. मलाही समाधान वाटले होते.

मग खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने सुचवले की छापण्याआधी एका गावात दाखवून बघू. उत्तर गोव्यातल्या एका गावाच्या सरपंचबाई ओळखीच्या होत्या. त्यांनी पंचायतीच्या सभागृहात दहाबारा माणसे जमवली. त्यांत स्वयंसाहाय्य गटाच्या तीन बायका होत्या, दोन दुकानदार, देवस्थानचे एक महाजन (म्हणजे वंशपरंपरागत सभासद), निवृत्त शिक्षक आणि पंचायतीचे सचिव. मी वरचे कलम वाचून दाखवले. दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी सावकाश.

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग गटातली एक बाई म्हणाली, ‘‘पूण हें करपाचें कोणें?’’

आधी मला वाटले, तिला ‘भोगवटादार’ शब्द कळला नसावा. तो कुणालाच कळला नव्हता, हे खरे. दुकानदाराला तो इमारतीच्या भोगवटा दाखल्यातला वाटला आणि शिक्षकांना जमिनीच्या उताऱ्यातला. पण बाईचा प्रश्न शब्दाचा नव्हता. विलग करण्यात येईल, साठवण्यात येईल, हस्तांतरित करण्यात येईल, वसूल करण्यात येईल : एका वाक्यात चार कामे आणि एकाही कामाला माणूस नाही. कचरा भोगवटादाराचा, एवढेच त्यात आहे. तो वेगळा कोण करणार, गाडीपर्यंत कोण नेणार, पैसे कोण मागायला येणार, हे कुठेच नाही. शाळेतल्या व्याकरणात कर्ता शोधायला शिकवतात. त्या बाईने तेच केले होते, आणि मी दहा दिवस त्या वाक्यासोबत राहून केले नव्हते.

परतताना गाडीत मी इंग्रजी मसुदा पुन्हा उघडला. तिथेही कर्ता नव्हता. इंग्रजी कर्मणी वाक्यात तो इतक्या सफाईने लपलेला असतो की वाचणाऱ्याला पोकळी जाणवत नाही. मराठीत ‘-ण्यात येईल’ चार वेळा आले की कानाला खटकते. म्हणजे दोष माझ्या मराठीने आणला नव्हता, तिने तो फक्त ऐकू येईल असा केला होता.

समोरचे पर्याय

खात्यात बैठक झाली. तीन वाटा चर्चेला आल्या.

एक म्हणजे भाषांतर तसेच ठेवायचे. कायदा अधिकाऱ्यांचा कल इकडे होता आणि त्यांची बाजू मला आजही कमी लेखावीशी वाटत नाही. कायद्यातल्या ठरावीक शब्दांचे अर्थ न्यायालयांनी वर्षानुवर्षे घासून पक्के केलेले असतात. केंद्रीय नियमांत एक शब्द आणि उपविधीत दुसरा आला, तर उद्या दंड झालेला माणूस म्हणेल की दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. सोपे लिहिण्याच्या हौसेने पंचायतीला कोर्टात हरवू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

दुसरी वाट माहितीपत्रकाची. उपविधी जसा आहे तसा राजपत्रात जावा आणि लोकांसाठी चित्रे घातलेले दोन पानांचे पत्रक काढावे. खर्च कमी, वेळ कमी, कुणाचा विरोध नाही. बहुतेक ठिकाणी हेच होते. मला ते पटले नाही. दंड उपविधीने होतो, पत्रकाने होत नाही. पत्रकात ‘घरमालकाने कचरा वेगळा करावा’ असे लिहिले आणि उपविधीत ‘भोगवटादार’ राहिला, तर पत्रक वाचून वागलेला माणूस फसतो. शिवाय मूळ पोकळी तशीच राहते. कर्ता उपविधीतच ठरलेला नाही, तर पत्रक लिहिणारा तो कुठून आणणार? तो आपल्या मनाने ठरवणार, आणि धोरण ठरवण्याचा अधिकार छापखान्यात बसलेल्या माणसाकडे जाणार.

तिसरी वाट, इंग्रजी आणि मराठी दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवून नव्याने लिहायचे. मराठीत वाक्य अडले की इंग्रजीही दुरुस्त करायचे. याला वेळ लागणार होता, आणि ‘सही झालेला मसुदा उघडायचा’ ही कल्पनाच वरिष्ठांना जड गेली.

निर्णयाला दोन गोष्टींची मदत झाली. केंद्र सरकारने २०१४ साली कायदे करण्यापूर्वी लोकांचा सल्ला घेण्याचे धोरण ठरवले. त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि सोबत साध्या भाषेतली टिपणी द्यावी, असे आहे. ते धोरण केंद्राचे, आमच्या खात्यावर बंधनकारक नव्हते, पण दाखला म्हणून उपयोगी पडले. दुसरी गोष्ट सरपंचबाईंनी केली. त्यांनी सरळ विचारले, ‘‘मी ग्रामसभेत हे वाचून दाखवले आणि कुणी विचारले कोणी करायचे, तर मी काय सांगू? ते एकदा मला लिहून द्या.’’ या प्रश्नाला बैठकीत उत्तर नव्हते.

शेवटी तडजोड झाली. केंद्रीय नियमांत व्याख्या केलेले शब्द बदलायचे नाहीत. व्याख्येत नसलेले सगळे नव्याने लिहायचे. प्रत्येक वाक्यात कर्ता हवा आणि एका वाक्यात एकच आज्ञा हवी. आणि कर्ता ठरवता येत नसेल, तर वाक्य पुढे न ढकलता प्रश्न वर पाठवायचा.

काय केले

कामाला अडीच महिने लागले. त्यातले चार टप्पे सांगण्यासारखे आहेत. बाकीचे वाक्ये तोडण्याचे आणि ‘उक्त’, ‘तद्नुसार’, ‘यात यापुढे’ काढण्याचे काम होते. ते कष्टाचे असते, पण त्यात निर्णय घ्यावा लागत नाही.

बंद घर आणि आजोबांचे नाव

‘भोगवटादार’ फोडून आम्ही लिहिले : ‘घरात राहणाऱ्याने किंवा दुकान चालवणाऱ्याने कचरा वेगळा करावा.’ इथवर सोपे होते. पण गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर चारदोन घरे बंद असतात. माणसे मुंबईला, आखातात, पोर्तुगालला. मे महिन्यात किंवा चवथीला (गणेशचतुर्थीला) येतात, आठ दिवस राहतात आणि कचऱ्याच्या पिशव्या कुंपणालगत ठेवून जातात. त्यांचे शुल्क कुणाकडून घ्यायचे? भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर मुंडकाराचे (तिथे घर करून राहणाऱ्या कुळाचे) घर असेल, तर जबाबदार कोण? इंग्रजी मसुद्याला हे प्रश्न पडलेच नव्हते, कारण ‘भोगवटादार’ या एका शब्दाखाली ते सगळे झाकले गेले होते.

प्रश्न वर गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आले : मुंडकाराच्या घराचा कचरा मुंडकाराचा, भाटकाराचा संबंध नाही, आणि बंद घराबाबत ज्याच्या नावावर घरपट्टी आहे तो जबाबदार. आम्ही लिहिले, ‘घर बंद असेल तर ज्याच्या नावावर घरपट्टी आहे त्याने शुल्क भरावे.’ स्वच्छ, छोटे, कर्ता असलेले वाक्य. मला ते फार आवडले होते.

दुसऱ्या बैठकीत ते वाचल्यावर महाजन हसले नाहीत, रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, ‘‘आमच्या घरपट्टीवर आजोबांचे नाव आहे. ते जाऊन पंचवीस वर्षे झाली.’’ मग सभागृहातल्या आणखी तिघांनी तेच सांगितले. वारसांची इन्व्हेंटरी झालेली नाही, भावंडे चार ठिकाणी, आणि पंचायतीच्या वहीत अजून मृताचे नाव. आमच्या सोप्या वाक्याने गावातल्या कितीतरी मयत माणसांवर कचरा शुल्क बसवले होते.

या क्षणाबद्दल मी खूप विचार केला आहे. जुन्या, अवघड वाक्यात ही चूक होतीच, फक्त ती कुणाच्या लक्षात आली नसती. वसुली अडकली असती, पाचदहा वर्षे तक्रारी झाल्या असत्या आणि दोष पंचायत सचिवाला लागला असता. वाक्य सोपे झाल्यामुळे महाजनांना ते अर्ध्या मिनिटात खोडून काढता आले. शेवटचा पाठ असा झाला : ‘घर बंद असेल तर त्याची घरपट्टी जो भरतो त्याने शुल्क भरावे. घरपट्टीवर कुणाचे नाव आहे याने फरक पडत नाही.’ दुसरे वाक्य कायदा अधिकाऱ्यांना अनावश्यक वाटले. पहिल्यात ते येतेच, असे ते म्हणाले. आम्ही ते ठेवले, कारण वाचणाऱ्याच्या मनात नेमकी तीच शंका येणार होती.

करवंटी ओली की सुकी

‘जैवविघटनशील’ शब्द केंद्रीय नियमांतल्या व्याख्येचा, म्हणून तो ठेवणे भाग होते. पण त्यासोबत रोजचा शब्द हवा होता आणि सगळ्यांचे एकमत ‘ओला कचरा, सुका कचरा’ यावर होते. घंटागाडीवरही तेच रंगवलेले असते.

बैठकीत मी प्रत्येकाला एकेक वस्तू विचारली. नारळाची करवंटी? सुकी. सोडणे, म्हणजे नारळावरचे तंतूंचे आवरण? सुकी. दुधाची पिशवी? ती ओली, आत दूध असते. चहाची भिजलेली कागदी वाटी? ओली. वाळलेली फुले? सुकी. म्हणजे सर्वांत सोपा, सर्वांच्या तोंडी असलेला शब्द निम्म्या वेळा चुकीच्या डब्याकडे नेत होता. माणसे शब्दाचा खरा अर्थ घेत होती. ओला म्हणजे पाणी असलेला. त्यांचे काही चुकत नव्हते.

म्हणून आम्ही ‘कुजणारा’ आणि ‘न कुजणारा’ हे शब्द घेतले. तेवढ्याने भागले नाही, पुढे वस्तूंची नावेही घातली : भाजीची साले, माशांची खवले, करवंटी, सोडणे, फुले, पाने. चवथीनंतरच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीचा, स्वतंत्र उल्लेख केला. माटोळीतली फळे, रानवेली, पाने कुजतात, पण ती बांधलेली तार आणि प्लास्टिकची दोरी कुजत नाही. ‘माटोळी उतरवल्यावर तार आणि दोरी काढून वेगळी ठेवा’ हे वाक्य उपविधीच्या अनुसूचीत गेले. मला त्याचा आनंद आहे. या मातीतली वस्तू कायद्याच्या कागदावर तिच्या नावाने आली.

संकोचाचा परिणाम

पहिल्या भाषांतरात मी एके ठिकाणी ‘स्वच्छताविषयक कचरा’ असे लिहिले होते. अर्थ होता वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड. २०१६ चे केंद्रीय नियम सांगत होते की ते नीट गुंडाळून न कुजणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात ठेवावेत. माझा शब्द वाचून गटातल्या बायकांना वाटले की हा झाडलोटीचा केर. दुसऱ्या दिवशी काय कराल, असे विचारल्यावर एक म्हणाली, ‘‘केर कागदात गुंडाळून सुक्यात टाकू.’’

तो शब्द मी का निवडला, याचे उत्तर मला ठाऊक आहे. खात्याच्या बैठकीत मी एकटीच बाई होते, आणि तिथे मोठ्याने ‘पॅड’ म्हणणे मला जड गेले होते. इतरांनाही गेले असते. संकोचातून आलेल्या शब्दाने नियम मोडून टाकला. जी माणसे रोज हाताने हा कचरा वेगळा करतात, त्यांच्या हाताला त्याची किंमत मोजावी लागते. सुधारलेल्या पाठात ‘वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड’ असे सरळ लिहिले. बैठकीत कुणी हरकत घेतली नाही.

शंभर माणसे, तीन दिवस आणि मरण

परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावे, असे २०१६ च्या नियमांत होते. गोव्याच्या गावात शंभर माणसे म्हणजे काय? जत्रेतले नाटक, काला, अंगणात मांडव घालून केलेले लग्न, मुंज. आम्ही साधे लिहिले : ‘शंभराहून अधिक माणसे जमणार असतील तर पंचायतीला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवा.’

मागच्या खुर्चीवरून निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘आणि मरणाला?’’

गावात कर्ते माणूस गेले तर दोनशे माणसे जमतात. तीन दिवस आधी कोण कळवणार? इंग्रजीत ‘कार्यक्रम किंवा जमाव’ असा शब्द होता आणि अंत्यविधी त्यात बसत होता. अंत्यविधीला सूट द्या, असे मी लगेच लिहून टाकले. कायदा अधिकाऱ्यांनी ते कापले, आणि बरोबर कापले. केंद्रीय नियमाने घातलेल्या बंधनातून उपविधी सूट देऊ शकत नाही.

पण मार्गही त्यांनीच काढला. जागेवरचा दंड कुणाला आणि कधी लावायचा, याचे निकष त्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने उपविधीत ठरवायचे होते. म्हणजे दंडाचे कलम आपल्या हातातले. तिथे लिहिले : ‘आधी कळवले नाही म्हणून दंड, फक्त ज्या कार्यक्रमाची तारीख आधी ठरलेली असते त्यालाच लागू होईल.’ मूळ बंधनाला हात लागला नाही आणि मरण झालेल्या घराच्या दारात दंडाची पावती जाणार नाही. या अडीच महिन्यांत कायद्याचे बारकावे आणि गावाचे शहाणपण एकाच वाक्यात आलेले मी फक्त इथे पाहिले.

दिवस मोजण्याचा घोळ वेगळाच. रविवारी नाटक असेल तर कधीपर्यंत कळवायचे? बैठकीत चार उत्तरे आली : गुरुवार, शुक्रवार, बुधवार, मंगळवार. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद. कळवल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस सोडून मधले पूर्ण तीन दिवस धरायचे, तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार मोकळे लागतात. म्हणजे मंगळवार. मी उपविधीत उदाहरण घालायचे सुचवले. एका वरिष्ठांनी सांगितले की कायद्यात उदाहरणे नसतात, ती पाठ्यपुस्तकात असतात.

यावर कायदा अधिकाऱ्यांनी माझी बाजू घेतली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अनेक कलमांखाली उदाहरणे होती. मॅकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मसुदा केला तेव्हापासून ती त्यात होती. १८७२ च्या करार कायद्यातही आहेत. ज्या कायद्यांवर आपण दीडशे वर्षे चाललो, त्यांनीच ही सोय केली आहे. मग उदाहरण आत आले : ‘नाटक रविवारी असेल, तर मंगळवारपर्यंत कळवा. बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारी सुट्टी असेल, तर सोमवारपर्यंत.’

निष्पत्ती

चौदा पानांचा मसुदा नऊ पानांचा झाला. अंतिम तपासणीत काही गोष्टी मागे फिरल्या. ‘इतर कोणत्याही उपविधीत काहीही अंतर्भूत असले तरी’ हे एका कलमाच्या सुरुवातीला परत आले, कारण जुन्या उपविधीशी टक्कर झाल्यास कुठला वरचढ, हे सांगायला त्याहून भरवशाचा शब्द तपासणाऱ्यांना सापडला नाही. व्याख्यांचे पान जसेच्या तसे राहिले. मराठी पाठाच्या तळाशी ‘मतभेद झाल्यास इंग्रजी पाठ प्रमाण’ ही ओळ आली, ती येणारच होती. पण इंग्रजी पाठही आता तसाच कर्ता असलेला, तोडलेल्या वाक्यांचा झाला होता. माझ्या दृष्टीने कामातला हा सर्वांत मोठा भाग. लोक मराठी वाचतील आणि कोर्ट इंग्रजी, पण दोघे एकच गोष्ट वाचतील.

ज्या गावात बैठका झाल्या, तिथे ग्रामसभेने उपविधी स्वीकारला. पहिल्या वर्षी बंद घरांच्या शुल्कावरून एक वाद झाला. मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाने विचारले की घर आमच्या नावावर नाही, मग पैसे आमच्याकडून का? सचिवांनी कलम मोठ्याने वाचले. त्यानंतर वाद ‘कोणी भरायचे’ वरून ‘किती भरायचे’ वर गेला. रक्कम जास्त आहे हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली.

सगळीकडे असे झाले नाही. काही पंचायतींनी नमुना न वाचताच ठराव केला. एका ठिकाणी जुने भाषांतर, माझेच, कुणाच्या तरी संगणकात राहिले होते. तेच छापले गेले आणि फलकावर लागले. ते पाहून मला वाईट वाटले. जुना मसुदा मागे घेतल्याचे लेखी कळवायला हवे होते. ते कुणाचे काम, हेही कुठे लिहिलेले नव्हते.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत आधी क्रम बदलेन. आम्ही मसुदा करून मग गावात गेलो. दुसऱ्यांदा मी रिकामा तक्ता घेऊन जाईन. एका रकान्यात काम, दुसऱ्यात ते कोण करणार, तिसऱ्यात कधीपर्यंत, चौथ्यात नाही केले तर काय. तो भरल्यावरच वाक्ये लिहायला घ्यायची. आजोबांच्या नावाची अडचण मग पहिल्याच दिवशी कळली असती आणि तीन आठवडे वाचले असते.

प्रत्येक निर्णयाची नोंदही ठेवेन. ‘घरपट्टी जो भरतो’ हे शब्द का आले, हे आज फक्त आम्हा चारपाच जणांना ठाऊक आहे. उद्या कुणी दुरुस्ती करताना ‘ज्याच्या नावावर’ असे ‘नीट’ करून टाकेल आणि मयत माणसे पुन्हा थकबाकीदार होतील.

कोंकणी पाठ सोबतच व्हायला हवा होता. ती राजभाषा आहे, आणि आमच्या बैठकीतला प्रत्येक उपयोगी प्रश्न कोंकणीत विचारला गेला होता, तरी तो पाठ नंतरसाठी राहिला. गावातल्या काही ख्रिस्ती कुटुंबांना देवनागरी वाचण्याची सवय नाही, ती रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचतात. त्यांच्यापैकी एकालाही आम्ही बैठकीला बोलावले नव्हते. मराठी लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या धडपडीत मीच लोकांची व्याख्या लहान केली होती.

आणि कचरा उचलणारे. गावातल्या गाडीवरचे दोघेही उत्तर कर्नाटकातले. उपविधीत त्यांच्यासाठी दोन कलमे आहेत. वेगळा न केलेला कचरा घ्यायचा नाही, आणि हातमोजे पंचायतीने द्यायचे. दुसरे कलम त्यांच्या हक्काचे आहे. मराठी त्यांना समजते, वाचता येत नाही. सचिवांनी एकदा ते तोंडी सांगितले. त्यावर त्यांच्यापैकी एकाने विचारले की हातमोजे फाटले तर दुसरे कधी मिळणार. उपविधीत त्याचे उत्तर नाही. ‘पंचायत हातमोजे देईल’ या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि तरी त्या माणसाला हवे होते ते त्यात नव्हते. दुरुस्तीचा प्रस्ताव मी लिहून दिला आहे : ‘हातमोजे फाटल्याचे सांगितल्यापासून दोन दिवसांत पंचायत सचिव नवे देतील.’ शेजारी त्याचे कन्नड भाषांतर जोडले आहे. तो प्रस्ताव अजून खात्यात आहे.